फर्नेसपासून लांब, पण फौंड्रीतच

पत्र थोडक्यात असं: कोल्हापुरातले एक वाचक, वय ५६. एका फौंड्रीत २७ वर्षं नोकरी, त्यातली शेवटची बरीच वर्षं मेल्टिंग सुपरवायझर. दीड वर्षापूर्वी हार्ट अटॅक आला, बायपास झाली. पुढं ठोक्यांचा त्रास सुरू झाला म्हणून छातीत ‘मशीन’ बसवावं लागलं. फर्नेसजवळ, म्हणजे धातू वितळवायच्या भट्टीजवळ, जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मालकांनी काही महिने वाट बघितली आणि मग राजीनामा लिहून घेतला. आता तब्येत बरी आहे, रोज रंकाळ्यावर फिरायला जातात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडं मेल्टिंग सुपरवायझरच्या जागेसाठी बायोडेटा दिले. मधल्या काळाबद्दल विचारलं की ‘घरगुती अडचण होती’ असं सांगतात. एका ठिकाणी जवळजवळ ठरलं होतं, पण ऑपरेशनची बातमी तिथं आधीच पोचली आणि फोन येणं बंद झालं. मित्र म्हणतो, माझी स्कूल व्हॅन चालव. ओळखीतून रात्रपाळीची सिक्युरिटीची नोकरी सांगून आली आहे. मेव्हणा म्हणतो, पीएफ काढ आणि मिसळ सेंटर टाक. पुण्यातला मुलगा पैसे पाठवतो आणि ‘बाबा, आता बसून खा’ म्हणतो. ‘बसून खाणं माझ्यानं होत नाही. या वयात, या आजारानंतर पूर्वीसारखं काम मिळेल का?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार.

पूर्वीसारखं काम मिळणार नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ‘मिळेल हो, धीर धरा’ असं म्हणणारे तुमच्याभोवती बरेच असणार. मेल्टिंग सुपरवायझरनं फर्नेसवर उभं राहायचं असतं आणि तुम्हाला तिथं उभं राहता येत नाही. म्हणजे ज्या एका कामाला डॉक्टरांनी नाही म्हटलंय, नेमक्या त्याच कामासाठी तुम्ही वर्षभर अर्ज करत आहात. नकाराचं खापर तुम्ही वयावर आणि आजारावर फोडलंय. मला वाटतं, त्यातला मोठा वाटा अर्जावर लिहिलेल्या पदाचा आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात मुलाचं मत आहे, मेव्हण्याचं आहे, व्हॅनवाल्या मित्राचंही आहे. बायकोचं एकही वाक्य नाही. दवाखान्यात रात्री कोण बसलं असेल, गोळ्यांच्या वेळा कुणाला पाठ असतील, याचा अंदाज मला आहे. पण मी तिचं नाव काढतेय ते वेगळ्या कारणासाठी. घर महिन्याला नेमक्या किती पैशात चालतं, हे घरात एकाच माणसाला माहीत असतं. तिच्यासोबत बसून कागदावर तो आकडा काढा. औषधं, तपासण्या, लाइट बिल, लग्नकार्याचे आहेर, सगळं धरून. मुलाचे पैसे वजा करून एक आकडा काढा आणि धरून दुसरा. तुमच्या डोक्यात आजही जुना पगार बसलेला आहे, आणि प्रत्येक कामाला तुम्ही त्याच मापानं मोजता. गरजेचा आकडा त्याच्या निम्म्यावर आला तर मला आश्चर्य वाटणार नाही. तो हातात आला की कुठली कामं नाकारायची हे कळायला लागतं.

त्या आकड्यात एक गोष्ट तुम्ही धरली नसावी, कारण पत्रात तिचा उल्लेखच नाही. ग्रॅच्युइटी मिळाली का? राजीनामा लिहून दिला म्हणजे हक्क गेला, असा समज पुष्कळांचा असतो. तसं नाही. सलग ५ वर्षं नोकरी झालेल्या माणसानं स्वतःहून नोकरी सोडली तरी ग्रॅच्युइटी मिळते. हिशेब साधा आहे: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. ही बेरीज समजा २० हजार होती, तर २७ वर्षांचे सुमारे ३ लाख ११ हजार होतात. देय झाल्यापासून ३० दिवसांत ती द्यायची असते. मिळाली नसेल तर आधी कंपनीला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. दाद लागली नाही तर कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. मालक चांगले होते, आता कशाला मागायचं, असं वाटत असेल तर तो संकोच बाजूला ठेवा. ते तुमच्या कामाचेच पैसे आहेत.

पेन्शनबाबत मात्र घाई नको. पीएफसोबतची पेन्शन ५८ व्या वर्षी पूर्ण मिळते. त्याआधी घेतली तर दर वर्षामागं ४ टक्के कापले जातात आणि ती कपात कायमची असते. तुम्ही आज घेतली तर साधारण ८ टक्के जन्मभरासाठी गेले. दोन वर्षं निभावता येत असतील तर थांबा.

आता सांगून आलेल्या कामांकडं वळू. आधी डिस्चार्ज कार्ड काढून बघा: तुमचं ‘मशीन’ साधा पेसमेकर आहे की आयसीडी? दोन्ही डबीसारखे कॉलरबोनखाली बसवतात, म्हणून लोक दोघांनाही मशीनच म्हणतात. पेसमेकर मंदावलेला ठोका पडू देत नाही. आयसीडी जीवघेणी धडधड ओळखून आतून शॉक देतं. तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून मला आयसीडीची शंका येते. तसं असेल तर व्हॅनचा विषय तिथंच संपतो. शॉक बसला किंवा त्याआधी भोवळ आली, तर स्टिअरिंग हातात असताना काय होईल ते वेगळं सांगायला नको, आणि मागं डझनभर पोरं बसलेली असतात. आयसीडी असलेल्या माणसानं धंद्याचं वाहन चालवू नये, असंच हृदयरोगतज्ज्ञ सांगतात. मित्राला भीड न बाळगता नाही म्हणा. स्वतःची दुचाकी कधी चालवायची हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

सिक्युरिटीचं काम लोकांना सोपं वाटतं, ‘नुसतं बसायचं तर असतं’. बारा तासांची रात्रपाळी, अर्धवट झोप, जेवणाची आणि गोळ्यांची उलटीपालटी वेळ. कमजोर हृदयाला झोपमोड सोसत नाही. शिवाय गेटवर तपासणीचं हातातलं यंत्र किंवा मेटल डिटेक्टरची कमान असते. मशीन बसवलेल्या माणसानं त्या कमानीतून चालत पुढं जायला हरकत नसते, पण तिला टेकून पाळी काढायची नसते. दिवसपाळी असेल आणि नुसतं रजिस्टर लिहायचं असेल तर विचार करता येईल. तुम्हाला आलेली नोकरी तशी नाही.

आणि मिसळ. कोल्हापुरात माणूस आजारातून उठला की गल्ली त्याला पहिला सल्ला हाच देते, का कोण जाणे. मिसळ खाणं आणि मिसळ विकणं यात पहाटे चारचं अंतर आहे. कट शिजवायचा, शेगडीच्या झळा खायच्या, दिवसभर उभं राहायचं, कामगार आला नाही तर भांडी आपणच घासायची. तुम्ही एका भट्टीपासून सुटलात ते दुसरीपुढं उभं राहायला नव्हे. त्याहून माझा आक्षेप पैशाला आहे. पीएफ म्हणजे तुमच्या पुढच्या तपासण्या, मशीनची बॅटरी बदलायचा खर्च आणि तुमच्या माघारी बायकोचा आधार. तो धंद्यात घालू नका. कुणा वाचकाला खरोखरच धंद्याची जाण असेल आणि कुवतही, तर पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेला वयाची वरची मर्यादा नाही. सर्वसाधारण गटाला शहरात प्रकल्पाच्या १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान मिळतं. कर्ज मात्र कर्जच असतं, ते फेडावं लागतं.

मग राहिलं काय? माझ्या मते बरंच राहिलं. त्यासाठी २७ वर्षांत तुम्ही काय केलं याचं पदनाम बाजूला ठेवून बघावं लागेल. हीट काढली, म्हणजे भट्टीत धातू वितळवून दिला, हे खरंच. पण त्याचबरोबर कास्टिंग (साच्यात ओतून केलेला भाग) हातात घेऊन ते का बिघडलं हे ओळखायला शिकलात. साच्याच्या वाळूत ओल जास्त झाली म्हणून ब्लो होल (वायूची भोकं) आले, मेटल थंड ओतलं म्हणून कोल्ड शट (नीट न जुळलेला सांधा) दिसतोय, इनॉक्युलेशन (ओतण्याआधी मेटलमध्ये घालायची पूड) नीट झालं नाही म्हणून कडा कडक झाल्या आणि टूल तुटतंय. हे सांगणारी नजर एखाद्या कोर्सनं येत नाही. आणि ती वापरायला फर्नेसवर उभं राहावं लागत नाही.

ही नजर फौंड्रीवाल्यांनाच विकायची असंही नाही. कास्टिंग विकत घेणाऱ्यांकडं जा. उद्यमनगरात, गोकुळ शिरगावात कितीतरी छोटी मशीन शॉप बाहेरून कास्टिंग आणून मशीनिंग करतात. दोन ऑपरेशन झाल्यावर बोअरमध्ये भोक उघडं पडतं. तोवर मशीनचे तास गेलेले असतात, टूल झिजलेलं असतं, आणि मग फौंड्रीवाला म्हणतो तुमचं क्लॅम्पिंग चुकलं, मशीन शॉपवाला म्हणतो तुमचं मेटल वाईट. दोघांच्या मध्ये बसून दोष कुठला ते सांगणारा माणूस बहुतेक छोट्या शॉपकडं नसतो. पूर्ण पगारावर ठेवणं त्यांना परवडत नाही. आठवड्यातून दोन सकाळी येऊन लॉट बघून देणारा, रिजेक्शनची नोंद ठेवणारा, महिन्यातून एकदा सप्लायरच्या शॉपवर जाऊन वाळूचे रिपोर्ट तपासणारा माणूस परवडतो. अशी दोन-तीन शॉप मिळाली तर तुमचा आकडा भरून निघायला हवा. आणि एकानं काढलं तरी सगळंच बुडत नाही.

यासाठी बायोडेटा वाटत फिरू नका. तुमच्या जुन्या कंपनीत ग्राहकांकडून ऑडिटला येणारे क्वालिटीचे लोक आठवा. त्यातले काही आज मोठ्या जागेवर असतील, काहींनी स्वतःची शॉप टाकली असतील. त्यांनी तुम्हाला काम करताना बघितलंय. त्यांना फोन करा आणि नोकरी मागण्याऐवजी विचारा, ‘तुमच्याकडं कास्टिंग रिजेक्शन किती आहे?’ कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीच्या कारखानदारांची संघटना स्मॅक, गोकुळ शिरगावच्या कारखानदारांची गोशिमा आणि फौंड्रीवाल्यांच्या संघटनेचा कोल्हापूर चॅप्टर, इथं छोटे कारखानदार एकमेकांना भेटत असतात. तिथं एखाद्या ओळखीच्या सभासदाबरोबर जा. नवीन पोरांना शॉपवरची भाषा शिकवायला माणूस हवा असतो, तेही डोक्यात असू द्या. तुमच्या पत्रावरून तुम्ही सांगण्यात बरे दिसता. जुन्या कंपनीचे कागद, चार्ज मिक्सचे (भट्टीत काय किती घालायचं याचे) आकडे मात्र कुणाला देऊ नका. डोक्यातली विद्या तुमची, फाइल त्यांची.

एक इशारा देते, कारण इन्स्पेक्शन म्हणजे सुरक्षित असं गृहीत धरणं सोपं आहे. इंडक्शन फर्नेसच्या कॉइलभोवती आणि केबलभोवती तीव्र चुंबकीय क्षेत्र असतं, म्हणून डॉक्टरांनी तुम्हाला मनाई केली. त्यामुळं छातीतलं मशीन फसू शकतं: पेसमेकर ठोका द्यायचा थांबतो, आयसीडी विनाकारण शॉक देतं. पण फौंड्रीत चुंबक एवढ्यावर संपत नाहीत. स्क्रॅप उचलणारी मॅग्नेट क्रेन आहे, सँड प्लांटमधला मॅग्नेटिक सेपरेटर आहे, वेल्डिंग आहे. आणि इन्स्पेक्शनच्याच खोलीत तडे शोधायचं मॅग्नाफ्लक्स असू शकतं. ते काम तुम्ही करायचं नाही, दुसऱ्यानं करताना शेजारी उभंही राहायचं नाही. फेटलिंगच्या (कास्टिंगच्या कडा घासून साफ करायच्या) ग्राइंडरपासूनही लांब राहा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर छोटी जखमही लवकर थांबत नाही.

म्हणून डॉक्टरांकडं जाताना नुसतं ‘फिट’ लिहिलेलं सर्टिफिकेट मागू नका. एका कागदावर कामाचं वर्णन लिहून न्या: किती तास, कुठली पाळी, किती वजन उचलायचं, किती जिने, उष्णता किती, जवळ कुठली यंत्रं. त्यावर काय चालेल, काय चालणार नाही आणि किती अंतरावरून चालेल, हे लिहून घ्या. मशीनच्या कंपनीचा टेक्निशियन तपासणीला येतो, त्यालाही तो कागद दाखवा. मशीनच्या मेमरीत काही गडबड नोंदली गेली असेल तर ती त्याला वाचता येते.

आता लपवण्याविषयी. तुम्ही का लपवता ते समजतं. पण तुमच्या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात आणि बातमी तुमच्या आधी पोचते, हे तुम्ही अनुभवलंय. त्या ठिकाणी माघार त्यांनी ऑपरेशनमुळं घेतली की तुम्ही वेगळं सांगितल्यामुळं, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. पहिल्या फोनवर आजाराची कथा सांगायची गरज नाही. बोलणं कामापर्यंत आलं की सांगा, आणि मोजकं सांगा. साधारण असं: ‘दीड वर्षापूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालंय. दिवसा, चार-पाच तास काम करायला डॉक्टरांची लेखी परवानगी आहे. जड उचलत नाही आणि फर्नेसजवळ जात नाही. बाकी तुमचा मागच्या महिन्याचा रिजेक्टेड लॉट दाखवा, मी बघतो.’ तुमची ईएफ (हृदयाची रक्त ढकलायची ताकद) किती, कुठली नस बंद होती, हे समोरच्याला सांगायचं कारण नाही. लेखी फॉर्मवर आजाराबद्दल विचारलं असेल तर मात्र खरंच लिहा. खोटं लिहिलेला कागद पुढं तुमच्याच विरुद्ध उभा राहतो. शिवाय तुम्ही शॉपवर कोसळलात तर तुमच्या छातीत काय आहे हे तिथं एकाला तरी माहीत हवं. मशीनचं ओळखपत्र पाकिटात आणि मोबाइल दुसऱ्या बाजूच्या खिशात ठेवता ना?

होकार देण्याआधी तीन गोष्टी स्वतः जाऊन बघून या. शौचालय कुठं आहे? (पाणी कमी करणारी गोळी सकाळी घेणाऱ्याला हा प्रश्न पगाराइतकाच महत्त्वाचा आहे. लाजू नका.) बसायला जागा आहे का? आणि पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेच्या दुपारी किती तापतं? ती गोळी चालू असताना घाम जास्त गेला तर बीपी उतरतं, भोवळ येते. पाणी किती प्यायचं हे तुम्हाला डॉक्टरांनी बहुतेक ठरवून दिलेलं असेल, तेव्हा ‘भरपूर पाणी प्या’ हा सर्वांचा सल्ला तुमच्या उपयोगाचा नाही.

आणि आधी सराव करा. सकाळी फिरायला जाणं वेगळं आणि कामाचा दिवस काढणं वेगळं. दोन आठवडे ठरल्या वेळी आंघोळ, डबा घेऊन केएमटीच्या बसनं बाहेर पडा. करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसा; १८५० पासून ते शहराला बसायला जागा देतंय. चार तास वाचा, टिपणं काढा, कास्टिंगच्या दोषांची स्वतःची वही तयार करा. दुपारी घरी आल्यावर किती गळून जाता, दुसऱ्या दिवशी उठवतं का, पायाला सूज येते का, वजन एकदम वाढतं का, हे लिहून ठेवा. सूज किंवा वजन वाढलं तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा. तिसऱ्याच दिवशी कंटाळा आला तर तेही कळेल: तुम्हाला काम हवं होतं की घरातून बाहेर पडायला कारण. दोन्हींत वाईट काही नाही. दुसरं असेल तर तालमीत पोरांचा हिशेब बघणं, वाचनालयात मदत करणं, हे पगाराशिवायही होतं आणि मुलाचे पैसे घेताना इतकं अवघड वाटू नये.

असं पत्र दुसऱ्या आजारातून उठलेल्यांनीही लिहिलं असतं. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढलेल्या बाईच्या हाताला सूज यायची भीती असते. शिलाईचं काम ती सोडतेच असं नाही, पण मोठी ऑर्डर वाटून घ्यावी लागते आणि हात जड वाटायला लागला की लगेच फिजिओथेरपिस्टला दाखवावं लागतं. अर्धांगवायूनंतर हातापायात कायमची कमजोरी राहिली असेल तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. ४० टक्के किंवा अधिक असेल तर बऱ्याच सवलती लागू होतात. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं नोकरीवरून काढता येत नाही, दुसरं काम द्यावं लागतं. सरकारी नोकरीतल्यांनी राजीनाम्यावर सही करण्याआधी हे कलम दाखवावं. खासगी नोकरीत हे संरक्षण नाही. पण पगारातून ईएसआय (कामगार राज्य विम्याची वर्गणी) कापली जात असेल तर लांबलेल्या ठरावीक आजारांसाठी वाढीव आजारपण भत्ता मिळतो, त्याची चौकशी राजीनाम्याआधीच करावी.

पहिलं काम ठरलं की साध्या कागदावर लिहून घ्या: कुठले वार, किती ते किती, महिन्याला किती, आणि कुठल्या तारखेला. ओळखीत लिहून काय घ्यायचं, असं समोरचा म्हणेल. तरी घ्या. ‘जरा संध्याकाळपर्यंत थांबा की’ हे ओळखीतच जास्त होतं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर जीएसटी नोंदणीची भानगड नाही. सुरुवात एकाच शॉपपासून, आठवड्यातून दोन दिवस. पुढच्या तपासणीत मशीनचा रिपोर्ट आणि इको ठीक आले तर डॉक्टरांना विचारून तिसरा दिवस जोडा. तोवर कितीही आग्रह झाला तरी दुपारी दोनच्या आत घरी.